डेडस्टॉक नंबर आणि चंडीगडची खुर्ची

आमच्या घरी एक खुर्ची आहे. सागवानी, बैठक आणि पाठ वेताने विणलेली, हात इतके रुंद की चहाचा कप आरामात राहतो, आणि मागच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला एक नंबर, त्यातले शेवटचे दोन आकडे आता पुसट झालेत. माझे वडील सरकारी ऑफिसात कारकून होते आणि बरीच वर्षं डेडस्टॉक रजिस्टर त्यांच्या ताब्यात होतं. ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत नव्हतं त्यांच्यासाठी सांगते, डेडस्टॉक म्हणजे जडवस्तू, ऑफिसातली प्रत्येक खुर्ची, टेबल, कपाट, पाण्याचं पिंप, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्याची नोंद त्या जाडजूड वहीत असते आणि वस्तूवर रंगवलेला नंबर तोच वहीत, वर्षातून एकदा शिपाई खाली वाकून वाकून नंबर वाचत जायचा आणि वडील वहीत खुणा करत जायचे. वस्तू निकामी ठरली की निर्लेखन, म्हणजे वहीतून ती कमी करणं, आणि मग लिलाव. १९८८ साली त्या ऑफिसात रेक्झिनच्या, लोखंडी पायांच्या खुर्च्या आल्या आणि वेताच्या चौदा खुर्च्या एका झटक्यात निर्लेखित झाल्या. तोवर वडिलांची बदली दुसऱ्या ऑफिसात झाली होती म्हणून त्यांना बोली लावता आली. ३५ रुपयांना घेतलेली ती खुर्ची ते सायकलच्या कॅरियरला बांधून, सायकल हातात धरून चालत घरी घेऊन आले.

ही खुर्ची मला नव्याने दिसली ती चंडीगडला गेल्यावर. तिथे सेक्टर ५ मध्ये ५७ नंबरचं घर आहे, स्विस आर्किटेक्ट पिअर जान्नरे तिथे राहायचे, आता त्याचं म्युझियम केलंय. आत त्यांनी डिझाइन केलेल्या खुर्च्या आहेत, साग आणि वेत, पुढचा-मागचा पाय कंपाससारखा तिरपा फाकलेला. बघताक्षणी वाटलं की हिला मी ओळखते. आमची खुर्ची काही त्यांच्या हातची नाही, कुठल्यातरी जिल्ह्याच्या सुताराने केलेली साधी सरकारी खुर्ची आहे. पण घराणं तेच.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी होती. आधी अमेरिकेतल्या अल्बर्ट मेयर यांना काम दिलं होतं, त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले, मग पंजाबचे अधिकारी थापर आणि चीफ इंजिनियर वर्मा युरोपात गेले आणि पॅरिसचे नावाजलेले आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांना घेऊन आले. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचे आणि जायचे. जे राहिले ते त्यांचे चुलतभाऊ जान्नरे, १९५१ पासून १९६५ पर्यंत, चौदा वर्षं. पूर्ण नवीन शहर म्हणजे सेक्रेटरिएट, हायकोर्ट, विधानसभा, युनिव्हर्सिटी, लायब्ररी, हॉस्टेलं, आणि या सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात, लिहायला टेबलं हवीत, हजारोंनी हवीत, आणि पैसे तर अगदीच बेताचे. तेव्हा जान्नरे आणि त्यांच्या बरोबरचे भारतीय आर्किटेक्ट, त्यात विशेष करून युली चौधरी, यांनी अशी डिझाइनं केली जी कुठलाही बरा सुतार बनवू शकेल, आणि ती बनली पण तशीच, वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये, स्थानिक सुतारांच्या हातून. म्हणूनच एकाच डिझाइनच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर हाताची जाडी वेगळी, वेताची वीण वेगळी दिसते.

पुढे काय झालं हे आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात होतं तेच. वेत फाटला, विणायला माणूस मिळेना किंवा फाइल हलेना, खुर्ची गच्चीवर गेली, पावसात भिजली, मग निर्लेखन आणि लिलाव. १९९०च्या दशकाच्या शेवटी पॅरिसचे काही डीलर तिथे पोचले आणि त्यांनी हे ढीग सरळ सरकारी लिलावात, पावती घेऊन विकत घेतले. कायद्याने त्यात काहीच चुकीचं नव्हतं, कारण आपला पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षं जुन्या वस्तूला लागू होतो आणि या खुर्च्या तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या. मग त्या दुरुस्त होऊन, पॉलिश होऊन पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, शिकागोच्या लिलावांत उभ्या राहिल्या आणि एकेका जोडीला आपल्या रुपयांत लाखांनी किंमत यायला लागली. गटाराची झाकणंसुद्धा गेली, ज्यांच्यावर चंडीगडचा नकाशा कोरलेला होता. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने अशा वस्तू विकायला आणि बाहेर पाठवायला मनाई केली, नंतर मोजणी झाली, १२,७९३ वस्तू वारसा म्हणून नोंदल्या गेल्या. तरीही परदेशात लिलाव चालूच आहेत.

त्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये एक गोष्ट दिसते जी मला झोंबते. खुर्चीच्या फोटोच्या शेजारी आणखी एक फोटो असतो, अगदी जवळून काढलेला, पायावरच्या किंवा पाठीमागच्या रंगवलेल्या अक्षरांचा आणि आकड्यांचा. खात्याचं नाव, नंबर. म्हणजे डेडस्टॉकचा नंबर! तो असला की खुर्ची अस्सल, म्हणून किंमत जास्त. माझ्या वडिलांसारख्या कुणा कारकुनाने ती वस्तू सरकारची म्हणजे सगळ्यांची आहे हे सांगायला जो नंबर घातला, तोच आता एका माणसाच्या दिवाणखान्यात तिची किंमत वाढवतो.

या प्रकरणावर जेव्हा जेव्हा चर्चा होते तेव्हा ती 'आपला वारसा लुटला' आणि 'तुम्ही भंगारात काढला, त्यांनी वाचवला' या दोन बाजूंत अडकते. दोन्हीत तथ्य आहे आणि तरीही मुद्द्याचं बोललं जात नाही असं मला वाटतं. माझं म्हणणं असं आहे की खुर्च्या गेल्या हे नुकसान लहान आहे, मोठं नुकसान हे की सामान्य माणसाच्या बसण्यासाठी सरकार विचार करून, डिझाइन करून, गावच्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशी वस्तू बनवून घ्यायचं, ती सवयच आपण टाकून दिली. आणि ती परत आणता येते, त्यासाठी पॅरिसहून काही आणावं लागत नाही.

यासाठी जरा मागे जावं लागेल, कारण ज्या विचारातून चंडीगड घडलं तो मॉडर्निझम, म्हणजे आधुनिक डिझाइनचा विचार, म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर एक लूक येतो, पांढऱ्या भिंती, सरळ रेषा, कमी सामान, काचेचं टेबल. इंटिरियरवाले पण तोच लूक विकतात. मुळात गोष्ट लूकची नव्हतीच. १८५९ मध्ये व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १४ नंबरची खुर्ची काढली, वाफेवर लाकूड वाकवून केलेली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या आणि पोचल्यावर जागेवर जोडायच्या. १९३० पर्यंत ५ कोटींवर विकल्या गेल्या म्हणतात. मुंबई-पुण्याच्या इराण्याच्या हॉटेलात तुम्ही ज्या काळपट गोल बैठकीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसून ब्रुन मस्का खाल्लाय ती याच कुळातली. त्या खुर्चीला कुणी कधी डिझायनर खुर्ची म्हटलं नाही, आणि हमाल, वकील, कॉलेजची पोरं सगळे त्याच खुर्चीवर बसले.

मग १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस नावाची कला आणि डिझाइनची शाळा निघाली. सुतार, विणकर, कुंभार आणि चित्रकार एकाच छताखाली, आणि विचार असा की यंत्राने होणारी वस्तूसुद्धा चांगली असली पाहिजे आणि ती सगळ्यांना परवडली पाहिजे. १९२२ मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन कलकत्त्याला झालं होतं, म्हणजे आपली ओळख काही कालची नाही. १९२५ च्या सुमारास तिथला मार्सेल ब्रॉयर सायकल चालवायचा, सायकलच्या हँडलची वाकवलेली नळी बघून त्याला सुचलं की याची खुर्ची का होऊ नये, आणि नळीची खुर्ची जन्माला आली. पुढे त्या शाळेचा मुख्य झालेला हानेस मायर म्हणायचा की चैनीच्या गरजा नकोत, जनतेच्या गरजा बघा. १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली ती शाळा बंद पडली, जेमतेम चौदा वर्षं चालली.

पण हेही कबूल केलं पाहिजे की ज्या नळीच्या खुर्च्या जनतेसाठी म्हणून केल्या त्या जनतेला परवडल्याच नाहीत. पिअर जान्नरे, कॉर्बुझिए आणि त्यांच्याबरोबर काम करणारी डिझायनर शार्लोट पेरियां यांनी १९२९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात स्टीलच्या नळ्या, कातडं, काच असलं फर्निचर मांडलं. त्याच खुर्च्या आज मोठ्या कंपन्यांच्या लॉबीत असतात, जिथे वाट बघणाऱ्यापेक्षा वाट बघायला लावणारा मोठा असतो. (ही पेरियां पहिल्यांदा नोकरी मागायला गेली तेव्हा कॉर्बुझिएने तिला सांगितलं होतं की आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही. नंतर तिचं काम बघून तिला घेतलं. बायकांचं काम म्हणजे सजावट आणि सजावट म्हणजे हलकं, हा समज या मोठमोठ्या लोकांच्या डोक्यातही किती घट्ट बसला होता ते बघा.)

त्याच काळात एक बाई मात्र ज्या कामाला लागली ते खरंच घराघरात पोचलं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. १९२६ मध्ये फ्रँकफर्टला मजुरांसाठी सरकारी घरं बांधत होते, त्यांचं स्वयंपाकघर तिने केलं, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन बघून, बाईला दिवसात किती पावलं टाकावी लागतात हे मोजून. अशी जवळजवळ १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपल्याकडे जे मॉड्युलर किचन म्हणून लाखात विकतात त्याची ही पणजी. माझी आजी चुलीपुढे उकिडवी बसून स्वयंपाक करायची, आई उभ्याच्या ओट्यावर करायला लागली, आणि आईचे गुडघे वाचले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे मॉडर्निझम म्हणजे परदेशी खूळ, आपल्या मातीशी संबंध नाही, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. आईच्या गुडघ्यांशी संबंध आहे की.

चंडीगडला जे झालं ते मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. ज्या जान्नरेंनी पॅरिसमध्ये स्टीलची नळी वाकवली होती त्यांनी इथे ती सोडून दिली. पन्नासच्या दशकात आपल्याकडे स्टील महाग आणि टंचाईचं, सुतार मात्र भरपूर आणि हुशार. सागाला सहसा वाळवी लागत नाही, दमटपणाने तो फारसा वाकडा होत नाही. वेत हलका, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे त्यातून हवा जाते. मे महिन्यात तिकडे पारा चाळिशीच्या पार जातो तेव्हा फोम-रेक्झिनच्या खुर्चीवर पाठ चिकटते, वेताच्या खुर्चीवर नाही. पाय असे तिरपे जोडले की मागे रेललं तरी खुर्ची डळमळत नाही. आणि युली चौधरींचं नाव यात मागे पडतं याचं मला फार वाईट वाटतं. सिडनीला शिकून आलेली ही बाई १९५१ पासून चंडीगडच्या टीममध्ये होती, फ्रेंच येत असल्यामुळे कॉर्बुझिएची पत्रं सांभाळायची, पुढे तिथली चीफ आर्किटेक्ट झाली, फर्निचरमध्ये तिचा मोठा हात होता, पण कॅटलॉगमध्ये ठळक अक्षरात एकच नाव असतं. सुतारांची तर नावंच नाहीत.

वेत विणताना कधी जवळून बघितलंय का? आमची खुर्ची आजवर तीनदा विणली. शेवटच्या वेळी आलेले काका पोतं अंथरून जमिनीवर बसले, खुर्ची उताणी मांडीवर, बाजूला बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी बारीक भोकं असतात. आधी उभ्या पट्ट्या, मग त्यावर आडव्या, मग पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या पण या वेळी वर-खाली गुंफत, आणि शेवटी दोन्हीकडून तिरप्या. असे सहा थर झाले की मध्ये आपोआप अष्टकोनी भोकांची जाळी तयार होते, प्रत्येक भोकात लाकडाची छोटी मेख ठोकून पट्टी पक्की करायची. ओलं असताना वीण जरा सैल वाटते, रात्रभरात वाळली की ढोलाच्या कातड्यासारखी ताठ होते, बोट मारलं तर वाजते. दोन दिवस लागले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचे आर्किटेक्ट अडोल्फ लोस म्हणाले होते की नक्षी म्हणजे गुन्हा, सुधारलेल्या माणसाने वस्तूवर नक्षी करू नये. मॉडर्निझमच्या डोक्यात हे बराच काळ बसलं आणि त्यामुळे जगभरातल्या कोरीवकाम करणाऱ्यांचं, जडावाचं काम करणाऱ्यांचं नुकसान झालं, आपल्याकडे सावंतवाडीच्या लाखकाम करणाऱ्यांची घरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिली, त्याला कारणं पुष्कळ असतील पण 'साधं ते सुंदर' या फॅशनचाही त्यात वाटा आहेच असं माझं मत आहे. पण वेताची ती जाळी बघा, ती नक्षी आहे की नाही? आहे. आणि तीच वजन पेलते, तीच हवा आत-बाहेर करते. नक्षी आणि काम एकाच पट्टीतून. लोसचा नियम माझ्या घरच्या खुर्चीवर मोडून पडतो आणि तरी ती खुर्ची आधुनिक आहे.

आणखी एक. आपल्याकडे वेत विणणं हा कित्येक वर्षं अंध लोकांचा व्यवसाय होता, संस्थांमध्ये शिकवला जायचा, सरकारी ऑफिसांत खुर्च्या विणायच्या जागा त्यांच्यासाठी असायच्या. बोटांनी भोक मोजायचं, बोटांनी ताण बघायचा. वेताच्या खुर्च्या गेल्या म्हणजे नुसतं फर्निचर नाही बदललं, या माणसांचं कामही गेलं. १९८८ च्या त्या निर्लेखनाच्या कागदावर याची नोंद कुठल्या रकान्यात असणार?

आता जे आक्षेप घेतले जातात त्यांच्याकडे येते. एक आक्षेप असा की चंडीगडमध्ये तरी कुठे समानता होती, सरकारी घरांचे १३ प्रकार होते, शिपायापासून वर पगाराप्रमाणे, आणि खुर्च्यांतही हुद्द्याप्रमाणे फरक होता, साहेबाला गादीची, कारकुनाला साधी. खरं आहे, आणि मला ते आवडत नाही. पण त्यातल्या सगळ्यात खालच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास आणि व्हरांडा होता, आणि कारकुनाची साधी खुर्चीसुद्धा त्याच माणसांनी त्याच काळजीने काढलेली होती. आज सरकारी ऑफिसात साहेबाची खुर्ची उंच पाठीची, गोल फिरणारी, आणि समोर दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या म्हाताऱ्यासाठी मोडका बाक. दोन्हीवर कुणीच विचार केलेला नाही, साहेबाच्या खुर्चीवर फक्त टॉवेल टाकलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो म्हणजे सर्वांना परवडणारी खुर्ची हे स्वप्न प्लॅस्टिकच्या खुर्चीने कधीच पूर्ण केलंय, मग वेताचं काय घेऊन बसलात. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी एकाच साच्यातून दोन मिनिटांच्या आत निघणारी प्लॅस्टिकची खुर्ची काढली, तिची भावंडं आज आपल्या लग्नात, सभेत, दहाव्याला, टपरीवर, सगळीकडे आहेत. मी त्या खुर्चीला नावं ठेवणार नाही. ती नसती तर गावातल्या कार्यक्रमात आमच्यासारख्या बायका अजून सतरंजीवर मागे बसल्या असत्या आणि पुरुष बाकावर, हे मी बघितलंय. एकावर एक रचता येते, धुता येते, पोरगंसुद्धा उचलतं. पण तिचा एक पाय तडकला की ती गेली, जगातला कुठलाच कारागीर तिला उभी करू शकत नाही. तारेने बांधून, वितळवून चिकटवून लोक प्रयत्न करतात, दोन महिने चालते. स्वस्त वस्तू आणि दुरुस्त होणारी वस्तू या दोन गोष्टी एकत्र असायला हव्या होत्या, थोनेटच्या खुर्चीत होत्या, इथे सुटल्या.

आणि तिच्यापेक्षा वाईट आहे ते पार्टिकल बोर्ड. चार वर्षांपूर्वी मुलाला अभ्यासाला टेबल हवं म्हणून ऑनलाइन मागवलं, दिसायला एकदम मॉडर्न, बारीक पाय, पांढरा टॉप. पहिल्या पावसाळ्यात खिडकीतून झड आली आणि कोपरा फुगला, आतून भुसा दिसायला लागला. ओळखीच्या सुताराला दाखवलं तर त्याने स्क्रू पिळून बघितला, तो नुसताच गोल फिरत राहिला. म्हणाला, ताई यात धरायला लाकूडच नाही, मी काय करू. चौदा महिन्यांत टेबल भंगारात, आणि भंगारवाल्यानेही पैसे दिले नाहीत. याउलट १९२३ पासून निघणारी गोदरेजची लोखंडी कपाटं घ्या, लग्नात आलेलं कपाट नातीच्या लग्नापर्यंत चालतं, चावी हरवली तर चावीवाला येतो, गंज आला तर रंगारी येतो. त्यावर नक्षी नाही, सरळ चौकोनी डबा, पण आमच्या चाळीत त्याच्याइतकं आपलं कुठलंच फर्निचर नव्हतं.

तर प्रश्न सरकारी खरेदीचा आहे, आणि तो वाटतो तितका कोरडा नाही. राज्यातल्या शाळा, ग्रामपंचायती, तहसील, दवाखाने, पोलीस ठाणी यांना दरवर्षी खुर्च्या-बाकं लागतातच. ती आता टेंडर नाहीतर जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून येतात, आणि जिथे सगळ्यात कमी दर तिथे ऑर्डर. नियम वाईट हेतूने केलेला नाही, भ्रष्टाचार रोखायला केलाय, मान्य. पण कमी दर मोजताना खुर्ची किती वर्षं टिकणार आणि मोडली तर कोण नीट करणार हे मोजलंच जात नाही. वडिलांच्या रजिस्टरमध्ये खरेदीची तारीख असायची आणि निर्लेखनाची तारीख असायची. दोन्ही तारखा वजा करा, किमतीला तेवढ्या वर्षांनी भागा, इतकं साधं गणित आहे, आणि त्याचा सगळा डेटा प्रत्येक ऑफिसच्या कपाटात पडलेला आहे. कुठल्या प्रकारची खुर्ची किती चालली हे सरकारला माहीत आहे, फक्त कुणी विचारत नाही.

आणि बनवणार कोण म्हणाल तर तेही आहेत. येरवडा आणि नाशिकच्या तुरुंगांत सुतारकामाचे विभाग आहेत, तिथे कैदी ऑफिसांसाठी आणि शाळांसाठी फर्निचर बनवतात, आज बनवतात. जिल्ह्याजिल्ह्यात आयटीआय आहेत. डिझाइन करणारे पाहिजेत तर पवईला आयआयटीमध्ये १९६९ पासून इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (आता आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) आहे, सुधाकर नाडकर्णी यांनी उभं केलेलं. ते जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आले होते, जी बाउहाउसचा वारसा सांगायची. म्हणजे वायमारहून उल्म आणि उल्महून पवई अशी ही विचारांची सरळ वाट आपल्या दारात आलेली आहे. अहमदाबादला १९६१ मध्ये एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली त्यामागे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचा १९५८ चा रिपोर्ट होता, सरकारने त्यांना बोलावून देशभर फिरवलं होतं, आणि सगळ्यात जास्त भरभरून त्यांनी कशाबद्दल लिहिलं तर आपल्या तांब्याबद्दल. लोटा! कितीतरी पिढ्यांच्या हातांनी वापरून वापरून घडवलेली वस्तू. जी वस्तू आपल्या देवघरात आणि बाथरूममध्ये होती ती बघायला त्यांना बोलवावं लागलं याची लाज वाटण्यापेक्षा, त्या काळचं सरकार असे प्रश्न विचारत होतं याचं मला जास्त कौतुक वाटतं. रोजच्या वापराची वस्तू कशी असावी हा तेव्हा देशाचा प्रश्न होता.

सागवान आता परवडत नाही हे मला कुणी सांगायला नको, लाकडाच्या वखारीत मी जाते. सागच पाहिजे असा हट्ट नाही. बाभूळ आहे, सुबाभूळ आहे, रबराच्या झाडाचं लाकूड आहे, कोकणात आणि विदर्भात बांबू आहे. जान्नरेंनी पॅरिसचं स्टील सोडून पंजाबात साग धरला, तसं आपण साग सोडून बांबू धरू. डिझाइनचे नकाशे सगळ्यांना फुकट उघडे ठेवावेत, कुठल्याही तालुक्याच्या सुताराने ते बघून बनवावं आणि पंचायतीने त्याच्याकडून घ्यावं. शाळेच्या बाकापासून सुरुवात करा. आठ वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांचं पोर एकाच उंचीच्या बाकावर बसतं, लहानाचे पाय लोंबकळतात आणि मोठ्याचे गुडघे फळीला लागतात, हे दिसायला कुठल्या परदेशी रिपोर्टची गरज नाही.

चंडीगडला उरलेल्या १२,७९३ वस्तूंचं काय करावं यावरही मत सांगून टाकते. त्यातल्या थोड्या म्युझियममध्ये ठेवा, बाकीच्या वापरात ठेवा. विणून घ्या, पॉलिश करा, पुन्हा लायब्ररीत मांडा, पोरं त्यावर बसून अभ्यास करू देत. वारसा ठरल्यामुळे आता हात लावायचीही भीती, दुरुस्तीला परवानगी, परवानगीला कमिटी, असं झालं तर त्या पुन्हा गच्चीवरच जाणार. जो सुतार आणि जो विणणारा त्यांना नीट करेल त्याचं नाव त्या रजिस्टरमध्ये नंबरच्या पुढे लिहा. पन्नासच्या दशकात नाही लिहिलं, आता लिहा.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या खुर्चीची एक पट्टी पुन्हा तुटली. त्याच काकांना फोन केला. ते म्हणाले येतो, पण डोळ्याला आता दिसत नाही नीट आणि पोरगा काही हे शिकला नाही, तो डिलिव्हरीचं काम करतो, त्यामुळे पुढच्या वेळी दुसरं कुणी बघून ठेवा. मी शहरभर विचारलं, मिळालं नाही कुणी. मग त्यांनाच म्हटलं की मला शिकवा. दर रविवारी ते येतात, मी पोत्यावर बसते, ते खुर्चीवर. लाकूड पॉलिश करताना पायावरचा तो नंबर खरवडून काढू का असं त्यांनी विचारलं होतं, मी राहू दे म्हटलं. उभे-आडवे चार थर आता जमतात, तिरपी पट्टी अजून तुटते. काका म्हणतात, तुम्ही घाई करता, पट्टी बादलीतून लवकर काढता.